मागच्या शेडखालची चौदा मापं

औसा कॅम्प
२८ नोव्हेंबर १९९३

दादा,

सहा वर्षांनी लिहितोय, म्हणजे आधी खुशाली विचारायला हवी. पण तुमची खुशाली वहिनीच्या कार्डातून महिन्याच्या महिन्याला कळते, आणि माझी तू विचारणार नाहीस. तेव्हा कामाचं लिहितो. मागच्या शेडमधले चारही लूम बंद कर आणि आक्काची खाट मागच्या खोलीतून उचलून पुढच्या पडवीत आण. या आठवड्यात कर.

वहिनीने कार्डात सहज लिहिलंय की इद्रीस फिटरने गणपतीपासून तिसऱ्यांदा मागच्या लूमच्या पायाखाली पाचर ठोकली. 'तुमच्या दादांचे लूम म्हातारे झाले, गुडघे टेकतात,' असं तिने गमतीत लिहिलंय. मला हसू आलं नाही. एखादा लूम झुकला तर तो लूमचा दोष. चारही झुकत असतील तर दोष खालच्या जमिनीचा आहे. कुठल्या बाजूला झुकतात ते तिने लिहिलं नाही. आक्काच्या खोलीकडे झुकतात ना?

तू म्हणशील, चांग्याचं जुनं दुखणं पुन्हा वर आलं. सत्त्याऐंशी साली तू मागच्या आंगणावर शेड वाढवायला निघालास तेव्हा मी आडवा आलो होतो, आणि कारण विचारलंस तेव्हा मला काही बोलता आलं नव्हतं. 'तुला माझं बरं बघवत नाही,' असं तू अर्ध्या पूर्णा गावासमोर म्हणालास. मी रजा अर्धी टाकून पिशवी उचलली आणि निघालो. तुझं बरं मला तेव्हाही बघवत होतं आणि आजही बघवतं, पण आता ती मढी उकरत बसत नाही.

भूकंपानंतर आमच्या सर्व्हेच्या पार्टीला इकडे पाठवलंय. माझ्या नोकरीला तू 'डबा उचलायची ड्युटी' म्हणतोस हे मला कळलंय, आणि ते खरंच आहे. डब्याच्या पोटात एक नाजूक स्प्रिंग असते आणि तिला टांगलेलं इवलंसं वजन. पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही. खाली घट्ट खडक असला तर ते वजन जरा जास्त ओढलं जातं, खाली भुसभुशीत किंवा पोकळ असलं तर कमी. साहेब भिंगातून आकडा वाचतात आणि मी तो वहीत लिहितो. दर दोन तासांनी सकाळच्या पहिल्या जागेवर परत यायचं आणि तिथलं माप पुन्हा घ्यायचं, कारण दिवसभरात यंत्र स्वतःही थोडं सरकतं. आधी त्याची चूक वजा करायची, मग जमिनीबद्दल बोलायचं. जीपमध्ये मी डबा मांडीवर घेऊन बसतो. बारा वर्षांत त्याला एकदाही धक्का लागू दिलेला नाही.

इथली माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. रोज कोणीतरी विचारतं, भूकंप परत येणार का? साहेब सांगतात, हे यंत्र ते सांगत नाही, खाली काय आहे तेवढंच सांगतं. काल एका बाईने साहेबांना दारात थांबवून डबा तिच्या उंबऱ्याशी ठेवायला लावला. माप घेऊन झालं तरी ती आम्हाला जाऊ देईना. घरातली किती माणसं गेली ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढे दिवसभर मला आपलं मागचं आंगण दिसत राहिलं.

वहिनी, पत्र तू आक्काला मोठ्याने वाचून दाखवतेस हे मला माहीत आहे. लूमचं आणि खाटेचं गाळ, बाकीचं वाच. तिला सांग, आईला आक्का म्हणतो म्हणून इथले लोक मला हसतात.

चांगदेव


औसा कॅम्प
१९ डिसेंबर १९९३

दादा,

उत्तर वहिनीच्याच अक्षरात आलं. तू म्हणालास म्हणे, 'भूकंपाच्या गावात राहून चांग्याचंच डोकं हललं.' बरं बोललास. इथे डोकं न हललेला माणूस मला अजून भेटायचाय.

लूम चालूच आहेत. एका बाजूला विटा लावून तू जमीन सपाट करून घेतलीस आणि वर सिमेंट फिरवलंस, तेही कळलं. दुखतंय पोट आणि शेक कपाळाला. आणि आक्का खाट हलवू देत नाही. ती देणार नाही हे मला माहीत होतं. तिला उचलून न्यावं लागेल, आणि ते तुला जमणार नाही, कारण तिने डोळे वटारले की तू अजून आठ वर्षांचा होतोस. मीही होतो.

माझं ऐकू नकोस. माझ्यावरचा तुझा राग एवढा जुना आहे की मी पाणी ओलं असतं म्हटलं तरी तू हात बुडवून बघशील. पण यंत्राचं ऐकशील ना? त्याला ना तू भाऊ, ना मी. जानेवारीत आमची पार्टी तुमच्याजवळ अंबाडीला येते आहे. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांखाली काय आहे ते बघायचंय. साहेबांना मी विनंती केली की एक दिवस आमच्या घरी माप घ्या. बारा वर्षांत मी त्यांच्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, म्हणून ते हो म्हणाले.

शुक्रवारी येऊ. त्या दिवशी गावातले सगळे कारखाने बंद असतात आणि आम्हाला तेच हवंय. लूम चालू असला की यंत्रातली रेघ नुसती नाचते, आकडा हाती लागत नाही. मागची शेड मोकळी ठेव. कोणी पाय वाजवत फिरायचं नाही, आणि भिंतीपलीकडचे शेजारी जनरेटरवर लूम चालवतात त्यांनाही दोन तास थांबायला सांग.

यंत्र म्हणालं की सगळं ठीक आहे, तर मी तुझ्या पायावर डोकं ठेवीन आणि पुन्हा या विषयावर अवाक्षर काढणार नाही. आणि ते दुसरं काही म्हणालं, तर तू शेड रिकामी करायची. एवढं कबूल कर.

चांगदेव


अंबाडी
२३ जानेवारी १९९४

दादा,

हे पत्र वाचून दाखवायचं नाही. वहिनी, तू ते तसंच दादाच्या हातात दे.

परवा शुक्रवारी आम्ही येऊन गेलो. तू नेमका काल्हेरला साखरपुड्याला गेलास. कोणाचा साखरपुडा ते वहिनीलाही सांगता आलं नाही. माझं तोंड बघायचं नव्हतं हे समजलं, पण यंत्राचं तरी बघायला हवं होतंस.

सकाळी नऊला पुढच्या ओट्यावर पहिलं माप घेतलं. तिथे खाली मुरूम आहे, चांगला पक्का. मग मागच्या शेडमध्ये खडूने फुल्या मारल्या. इद्रीसने सुट्टीच्या दिवशी येऊन मला मदत केली. कापडाचे तागे हलवले, सुताची पोती बाहेर काढली. मला म्हणाला, "चांगूभाई, लेवल आज लावली की आठ दिवसांत परत बैठतं. शेटला बोललो तर बोलतात, पाचर अजून जाड ठोक. किती जाड ठोकू, तुम्हीच बोला." मी पुढची फुली मारली.

चौदा मापं घेतली. साहेब भिंगाला डोळा लावून बसत आणि आम्ही सगळे श्वास धरून उभे राहत असू. आक्का दारात उभी होती. पदर डोक्यावरून घेऊन, देवळात उभं राहावं तशी. साहेबांनी तिला नमस्कार केला तर तिने त्यांना विचारलं, "ह्या डब्याला खालचं समदं दिसतं काय?" साहेब म्हणाले, "दिसत नाही आजी, वजन कळतं." आक्काने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. नंतर चहा वहिनीनेच आणला.

आता आकड्यांचं. आम्ही जे मोजतो त्याला मिलिगल म्हणतात. पुढच्या ओट्याशी ताडून बघितलं तर मागच्या शेडच्या मधोमध त्याचा जवळजवळ दहावा हिस्सा कमी आला. ऐकायला काहीच नाही, पण एवढ्याशा शेडमध्ये तो पुष्कळ आहे. आणि दादा, मला वाटलं होतं एका फुलीवर कमी येईल, फार तर दोन फुल्यांवर. चौदातल्या नऊ फुल्यांवर कमी आलंय. अर्धी शेड झाली, मधली भिंत झाली, आणि आक्काच्या खाटेखाली घेतलेलं शेवटचं मापही कमी. मी आकडे लिहीत होतो आणि माझी पेन्सिल वहीत रुतत होती. साहेबांनी विचारलं, बरं वाटत नाही का.

इथे पूर्वी काही होतं का, असंही त्यांनी विचारलं. आंगणात जुनी विहीर होती, ती दगडाने भरली, हे गावाला जे माहीत आहे ते मी सांगितलं.

मधेच शेजाऱ्यांनी जनरेटर चालू केला आणि शेवटची तीन मापं दोनदा घ्यावी लागली. साहेब हिशेब करून तुला कागद पाठवतील. त्या कागदात काहीही लिहिलेलं असो, तू शेड रिकामी कर. काहीही लिहिलेलं असो, असं का म्हणतोय ते विचारू नकोस.

सव्वीस तारखेनंतर आम्ही परत औशाला.

चांगदेव


औसा कॅम्प
२७ फेब्रुवारी १९९४

दादा,

हे पत्र मी इद्रीसच्या घरच्या पत्त्यावर, धामणकर नाक्याला रजिस्टर करून पाठवतोय. तो ते कारखान्यात तुझ्या हातात देईल. तिथेच उभा राहून वाच. घरी नेऊ नकोस.

साहेबांचा कागद तुला पोचला आणि तू तो गावभर दाखवलास. 'मापांत थोडा फरक दिसतो, परंतु आजूबाजूचे हादरे व बांधकाम पाहता निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. जुनी विहीर दगडाने भरलेली असल्याने चिंतेचे कारण दिसत नाही.' पाठ झालाय मला. वहिनीने लिहिलंय की त्या कागदाला हार घालायचाच तेवढा बाकी होता, आणि तू मागच्या शेडमध्ये आणखी दोन लूम बसवलेस. आता सहा झाले.

त्या कागदात साहेबांची चूक नाही. त्या दिवशी आकडे बघून त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, "चांगदेव, हे माप खाली पोकळ असल्यासारखं आहे. विहीर भरली होती म्हणतोस, कोणी भरली?" मी म्हटलं, मी भरली साहेब. "दगडाने? तळापासून?" मी हो म्हटलं. ते वही मिटत म्हणाले, "मग यंत्राचंच काहीतरी चुकलं असणार." बारा वर्षं मी त्यांच्याबरोबर आहे, म्हणून त्यांनी यंत्रापेक्षा माझा शब्द खरा धरला.

विहीर भरलेली नाही दादा.

एक्याऐंशीच्या मार्चमध्ये तू जुने लूम बघायला मालेगावला गेलास. जाताना मला म्हणालास, मी यायच्या आत ही विहीर दगडाने भरून टाक, मला ती डोळ्यांसमोर नको. त्याआधी सात महिने त्याच विहिरीतून तू कमळला बाहेर काढलं होतंस. अकरा वर्षांची आपली बहीण, आणि तू तिला खांद्यावर घेऊन आंगणात उभा होतास आणि कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हतास. तू विहीर का भरायला सांगितलीस हे मला कळत होतं. मी खाणीतून दगडाचे ट्रकही मागवले.

पहिला ट्रक आला तेव्हा आक्का विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली होती. म्हणाली, "सातीआसरा हायत खाली. माज्या कमळला त्यांनी नेली, आता ती त्यांच्यात हाय. तिच्या डोस्क्यावर दगडं टाकशील?" आपल्याकडे विहीर बुजवली तरी पाण्यातल्या आसरांना वाट ठेवतात, हे तूही लहानपणापासून ऐकलंयस. मी तिला समजावलं. कमळला आपण स्मशानात नेलं, तूच तिला हळद लावलीस, असंसुद्धा बोललो. ती उठली नाही. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून तिने शपथ घातली, की विहीर भरायची नाही आणि दौलतला, म्हणजे तुला, सांगायचं नाही. सांगितलंस तर माजं मेलेलं तोंड बघशील.

मी बावीस वर्षांचा होतो. जुन्या घराचे सागाचे वासे काढून ठेवले होते ते विहिरीवर आडवे टाकले. त्यावर पत्रे, पत्र्यांवर तीन हात दगडमाती. बाकीचे दगड मी रस्त्याच्या कडेला टाकून आलो. आक्काच्या खोलीत ट्रंकेमागे जो लोखंडी पाइप आहे, त्याला तू जुनं मोरीचं नळकांडं समजतोस. ती मी विहिरीत सोडलेली आसरांची वाट आहे. तेरा वर्षं आपली आई दिवेलागणीला त्या पाइपाला तोंड लावून कमळशी बोलते. म्हणून ती खोली सोडत नाही.

आता कळलं असेल मी सत्त्याऐंशीला आडवा का आलो आणि मला तोंड का उघडता आलं नाही. तेरा वर्षं ते वासे खाली कुजतायत आणि वर तू लूम नाचवतोयस. मला वाटलं होतं, यंत्र सांगेल आणि मला सांगावं लागणार नाही. शपथही राहील आणि माणसंही वाचतील. साप मरावा आणि काठी मोडू नये. आणि ऐन वेळी साहेबांनी सरळ प्रश्न विचारला तेव्हा आक्का दाराआड उभी होती, आणि मी पुन्हा हो म्हटलं.

पण नऊ फुल्यांचं मला खरोखर माहीत नव्हतं. मी झाकली ती विहीर बारा हात रुंद होती. ती आता तेवढी राहिलेली नाही. आतलं दगडी बांधकाम ढासळलंय आणि चारी बाजूंची माती आत घसरतेय, लूमच्या प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी. निघताना आक्काने मला खोलीत बोलावलं होतं. म्हणाली, "आदी हाक मारली का पाण्यावरनं आवाज यायचा. आता न्हाय येत. माती पडल्यावानी व्हतं." तिला आमच्या डब्याआधी कळलं होतं. आणि मी ते ऐकून जीपमध्ये जाऊन बसलो.

मी स्वतः का आलो नाही? रजा मागितली असती तर मिळाली असती. शेजाऱ्यांकडे फोनही करता आला असता. मला भीती वाटते दादा. आक्कासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही हे मला ठाऊक आहे, दोनदा बघून झालंय. म्हणून लिहितोय. मला शिव्या दे, मारायला ये, पण आधी लूम बंद कर. हे पत्र हातात असतानाच बंद कर, आणि सगळ्यांना पुढच्या रस्त्यावर काढ. मग आक्काला उचल. तिला विचारत बसू नकोस. समजावू नकोस. नुसती उचल.

चांगदेव


पूर्णा
९ मार्च १९९४

दादा,

हे पत्र इद्रीस ठाण्याला तुझ्या वॉर्डात घेऊन येईल. त्याचा रोजा आहे, त्याला चहा पाजायचा आग्रह करू नकोस. डॉक्टरांनी वहिनीला बजावलंय की पायाचं ऑपरेशन होईपर्यंत तुला काही सांगायचं नाही, आणि ती तुला सांगते आहे की आक्का मामाकडे आहे. तू विश्वास ठेवला नसशील. मी आता कोणापासून काही लपवून ठेवणार नाही, मग डॉक्टर काहीही म्हणोत.

इद्रीसने मला सगळं सांगितलं. शनिवारी दुपारी त्याने पत्र दिलं, तू लूमच्या बाजूला उभा राहून वाचलंस, आणि स्वतःच्या हाताने मेन स्विच ओढलास. अकरा माणसं होती शेडमध्ये. अकराही रस्त्यावर उभी होती तेव्हा. त्यांतले चौघे काल घरी येऊन बसले होते. तू त्यांना वाचवलंस. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तसं झालंय म्हणून लिहितोय.

पुढचं वहिनीने सांगितलं. तू खोलीत गेलास आणि आक्काला विचारलंस, विहीर भरलेली नाही का. मी विचारू नकोस म्हणून लिहिलं होतं, पण मी तुझ्या जागी असतो तर मीही विचारलं असतं. ती तुझ्यावर रागावली नाही. "चांग्यानं सांगितलं?" एवढंच म्हणाली. तू तिचा हात धरलास तर तिने तो सोडवून घेतला, शांतपणे. म्हणाली, "तुमी व्हा पुढं. कमळला सांगते नि येते." तू दारापर्यंत आलास, वहिनीला पुढच्या पडवीत ढकललंस आणि परत वळलास. वहिनी म्हणते मोठा आवाज झाला नाही. आधी मधली भिंत खाली बसली, मग छप्पर. तू भिंतीच्या अलीकडे होतास म्हणून तुझा फक्त पाय ढिगाऱ्यात अडकला. आक्का पलीकडे होती.

मी रविवारी संध्याकाळी पोचलो. फायर ब्रिगेडचे लोक तीन दिवस उतरत होते. खाली आठ-दहा हातांवर पाणी आणि चिखल आहे, आणि कड सारखी आत ढासळते. काल त्यांच्यातलाच एक माणूस कमरेपर्यंत गाडला गेला, दोराने ओढून काढला. शेजाऱ्यांच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली आहे. साहेब औशाहून डबा घेऊन आले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण शेजारच्या तीन घरांत माप घेऊन गेले. दोन घरांखाली कमी आहे. त्या घरांत नऊ मुलं आहेत.

आक्का सापडली नाही दादा. ती आतच आहे.

आज सकाळी तहसीलदार आले. म्हणाले, आता माणूस खाली सोडता येणार नाही, खड्डा आजच्या आज दगडाने भरायला हवा, नाहीतर शेजारची घरं जातील. घरच्यांची संमती पाहिजे. वहिनी म्हणाली, दौलतना विचारल्याशिवाय नको. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, थोडी वाट तरी ठेवा, एखादा पाइप. मी नको म्हटलं. सही मी केली, एकट्याने. पुढेमागे राग धरशील तो माझ्यावर धर, वहिनीवर नको.

खाणीतून सात ट्रक आलेत आणि अजून येतायत. पहिला ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने मान बाहेर काढून मला विचारलं, टाकू? मी काठाशी उभा होतो. खाली चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. मी हो म्हटलं.

चांगदेव